बुजरा आणि बायकोचे कान

माझी बायको काय काम करते हे लोकांना समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ येतात. 'जंगल ऐकते' म्हटलं तर समोरचा आधी हसतो, आणि मी हसत नाही हे पाहून विषय बदलतो. 'पक्ष्यांवर संशोधन करते' म्हटलं तर लगेच विचारतो, आमच्या गॅलरीत कबुतरं फार घाण करतात हो, त्यावर काही औषध आहे का? माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकं येतात आणि काच बसवून होईपर्यंत त्यांच्याशी काहीतरी बोलावं लागतं. शेवटी मी 'ऑफिसात जाते' एवढंच सांगायला लागलो.

खरं काम असं आहे. जंगलात झाडांना डबे बांधलेले असतात, साधारण जेवणाच्या डब्याएवढे. ते उजाडल्यापासून आवाज टिपत राहतात. मधूनमधून कुणीतरी जाऊन त्यांतल्या चिपा काढून आणतं. मग शहरातल्या एका संस्थेत, जिथली लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते अशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खिडकी नसलेल्या खोलीत बसून माझी बायको ते सगळं ऐकते. कुठला पक्षी बोलला, कुठल्या डब्यापाशी बोलला, किती वेळ बोलला. संस्थेत तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे कानवाली. हे तिलाही माहीत आहे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतो कोण.

डबे दरवर्षी वाढले. डबा घ्यायचा म्हटलं की वरून मंजुरी चटकन येते, कारण डब्याचा फोटो काढता येतो आणि तो अहवालात छापता येतो. ऐकायला दुसरं माणूस द्या म्हटलं की फाइल अडकते. ही एकटी किती ऐकणार? तिच्या टेबलाशेजारच्या कपाटात न ऐकलेल्या चिपा अशा भरून पडल्या होत्या, की कपाटाचं दार लावायला गुडघा टेकवावा लागे.

मी एकदा म्हणालो, "अगं, आता कॉम्प्युटर ऐकतो ना सगळं?"

झालं. जेवण होईपर्यंत तेच ऐकलं. कॉम्प्युटरचा कार्यक्रम आलाय थंड देशातून. तिथल्या जंगलात सकाळी चार पक्षी बोलतात, तेही रांगेत उभं राहिल्यासारखे एकामागून एक. आपल्याकडे एका वेळी तीस बोलतात आणि त्यांच्या डोक्यावर ते झाडांवरचे किडे दिवसभर करवत चालवतात. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं, त्याचा वरचा सगळा भाग त्या किड्यांनी काळा केलेला असतो. त्या काळ्यात एखादा बारीक शिट्टी घालणारा पक्षी असला तर कॉम्प्युटर हात वर करतो. तिथे माणसाचा कानच लागतो. किड्यांच्या मागे काय आहे ते ऐकायचं म्हणून ही आवाज वाढवून ऐकायची. वर्षानुवर्षं.

त्या बारीक शिट्टीवाल्यांपैकी एक म्हणजे बुजरा. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, पण ज्या टेकडीवर तो राहतो तिच्या पायथ्याचे लोक त्याला बुजरा म्हणतात. मुठीएवढा, तपकिरी, दाट झुडपाखाली जमिनीवर फिरणारा. तो दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. एक लांब शिट्टी आणि शेवटी तिला मोडल्यासारखा झटका. त्याचं घरटं आजवर कुणी पाहिलेलं नाही. अंडी पांढरी की निळी, ठाऊक नाही. पिल्लांना काय भरवतो, ठाऊक नाही. एक मेलेला बुजरा आहे, तो फार पूर्वी इथूनच उचलून नेलेला, आणि तो सातासमुद्रापार कुठल्याशा संग्रहालयाच्या खणात पाठीवर पडलाय. हिला तो बघायचा होता, तर त्यांनी विचारलं की आपण कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेच्या वतीनं विचारत आहात. पक्षी आमच्या टेकडीवरचा आणि ओळख द्यायची आम्ही! धनेशाचं बरं असतं. मोठी चोच, रंगीबेरंगी रूप, त्याची पोस्टरं निघतात, कॅलेंडरं निघतात, त्याच्यासाठी माणसं धावतात. तपकिरी पक्ष्यासाठी कोण धावणार.

घरातही हिच्या कामाचा जाच कमी नव्हता. सकाळी चहा होईपर्यंत पंखा लावायचा नाही, कारण तिला बाहेरचे पक्षी मोजायचे असतात. मी आंघोळीला जाताना शिट्टी वाजवायची नाही. मुलीनं लग्नाआधी आमच्यासमोर होणाऱ्या नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की तू घोरतोस का. आणि एवढं करून अलीकडे धुण्याचं मशीन संपल्याची पिपाणी वाजत राहिली तरी ही शेजारी बसून पेपर वाचायची. फ्रिजचं दार उघडं राहिलं, तो टुंईटुंई करतोय, हिला पत्ता नाही. मी ओरडायचो, "अगं, जंगलातलं पान पडलेलं ऐकू येतं आणि घरातलं मशीन नाही?" ती म्हणायची, "मग तुम्ही उठा की." मला वाटायचं, मुद्दाम करते. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण उठायचो मीच.

आता टेकडीचं सांगतो. बुजऱ्याची जी एक उतरण उरली होती, तिथे दगडखाण काढायची मागणी आली. दगड चांगला आहे म्हणे. यावर निर्णय द्यायला एक समिती बसली आणि समितीनं सरळ हिशेब मांडला: बुजरा तिथे असेल तर खाण नाही, नसेल तर खाण. खाणवाल्यांनी एक सल्लागार नेमला होता. तो दोन दिवस टेकडीवर जाऊन आला, तेही भर दुपारी, जेव्हा शहाणे पक्षी सावलीत गप्प बसलेले असतात, आणि 'उल्लेखनीय पक्षी आढळला नाही' असं लिहून मोकळा झाला. आता संस्थेनं आपलं म्हणणं द्यायचं होतं. संस्थेचं म्हणणं म्हणजे हिचं. आणि हिनं गेली काही वर्षं त्या उतरणीच्या चिपांवर एकच शब्द लिहिला होता: नाही.

तशात एक दिवस तो कधी काही न ओळखणारा कॉम्प्युटर ओरडला. उतरणीवरच्या नव्या चिपेत बुजरा! नुसता नाही, अगदी शंभर टक्के जुळणारा. संचालकसाहेबांनी सगळ्या मजल्यांना चहा पाजला. हिनं हेडफोन लावले आणि ऐकलं. मग हेडफोन काढले, पर्स उचलली आणि भर दुपारी माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. मी एका आजोबांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं होतं.

"अहो, जरा शिंका."

"काय?"

"शिंका. मोठ्यानं. नेहमीसारखं."

"शिंक अशी मागून मिळते का? गिऱ्हाईक बसलंय."

तिनं काचा पुसायचं धुळकट फडकं उचललं आणि सरळ माझ्या नाकासमोर झटकलं. मला धुळीचं वावडं आहे, आणि माझी शिंक साधी नसते. आधी दोन हुंकार येतात, मग दारावर लाथ मारल्यासारखी ती बाहेर पडते. तक्त्यासमोरचे आजोबा दचकून उठले. बायकोनं डोळे मिटून ऐकलं आणि खुर्चीवर बसली.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली.

मुलगी लहान असताना एका सुट्टीत ही मला टेकडीवर घेऊन गेली होती. घेऊन गेली म्हणजे पिशव्या उचलायला. झुडपात तोंड घालून ती बसली, बुजरा बोलला, तिनं तो टेपवर घेतला, आणि शेवटच्या झटक्यानंतर मी शिंकलो. बुजऱ्याचा तेवढा एकच स्वच्छ आवाज जगात आहे. संस्थेनं तो शिंकेसकट सगळ्यांसाठी ठेवून दिला. त्यामुळे जगभरातल्या पक्षीवेड्यांच्या फोनमध्ये माझी शिंक आहे. टेकडीखालच्या विश्रामगृहात एक वाटाड्या आहे, पाहुण्यांना पक्षी दाखवतो. तो बुजऱ्याला बोलवायला उतरणीवर फोन धरून तोच आवाज वाजवायचा. आणि डब्यानं तो इमानेइतबारे टिपला. कॉम्प्युटरला बुजरा म्हणजे काय हे शिकवलं होतं ते याच आवाजावरून, मग तो शंभर टक्के जुळणार नाही तर काय होईल?

हिनं वाटाड्याला फोन केला. "वाजवल्यावर उत्तर येतं का?"

"कधी येतं, कधी येत नाही बाई. पाहुणे म्हणतात आलं. त्यांनी लांबून आलेलं असतं ना, त्यांना नाही कसं म्हणायचं?"

यावर कुणी काय लिहायचं? ती संचालकांकडे गेली आणि म्हणाली, साहेब, हा पक्षी नव्हे, हा मीच पूर्वी टिपलेला आवाज आहे, मागे माझे मिस्टर शिंकतायत. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनाही टेकडी वाचायला हवी होती. ते हळूच म्हणाले, "ताई, शिंक तेवढी पुसता येणार नाही का?"

"नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ही म्हणाली.

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी तिलाच बोललो. म्हणालो, तिकडे दोन दिवसांत टेकडी धुंडाळणारा मनुष्य बिनदिक्कत सही करतो, आणि तू माझ्या एका शिंकेसाठी अख्खी टेकडी देऊन बसणार? दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातल्या उतरणीवरच्या झाडून सगळ्या चिपा बाहेर काढल्या आणि समितीच्या सुनावणीपर्यंत त्याच ऐकायच्या असं ठरवलं. 'तिथे बुजरा आहे की नाही ते मला खरं कळू दे,' एवढंच म्हणायची. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. मी विचारायचो, सापडला? ती मान हलवायची.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी संस्थेची वीज गेली. उरलेल्या थोड्या चिपा घेऊन ती दुकानात आली, कारण माझी डोळे तपासायची मागची खोली बंद केली की शांत असते. हेडफोननं कान दुखत होते, म्हणून तिनं लहान स्पीकर लावला. मी समोर बसून फ्रेमचे स्क्रू पिळत होतो. जंगल सुरू झालं. किडे, किडे, कसलासा कावळ्यासारखा खरखरीत, पुन्हा किडे. मला त्यातलं काही कळत नाही. कळावं असं वाटतही नव्हतं. पण किड्यांच्या वरून एक सुतासारखी शिट्टी गेली आणि शेवटी तुटली. थोड्या वेळानं परत.

"कसली गं ही शिट्टी?" मी विचारलं.

"कुठली?"

"ही काय. आत्ता वाजली ती."

"ते किडे आहेत."

"किडे वेगळे. ही वेगळी. ही बघ, परत."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता भांडण होणार. "उगाच चेष्टा करू नका. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"चेष्टा कशाला करू? बघ, आता! ... आता! ... ही पुन्हा!" प्रत्येक वेळी मी स्क्रूड्रायव्हर वर करत होतो. ती आधी स्पीकरकडे बघत होती, मग माझ्या हाताकडे बघायला लागली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी हात वर करायचं थांबवलं. शिट्टी चालूच होती.

"थांबली?" तिनं विचारलं.

मला तेव्हा ते मशीन आठवलं, फ्रिज आठवला, आणि इतक्या दिवसांचा माझा आरडाओरडा आठवला. ती मुद्दाम करत नव्हती. तिला ते ऐकूच येत नव्हतं.

"पण मी तर तो जुळलेला आवाज ऐकला," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं. तो आवाज तिला पाठ होता. कानात नाही आला तरी डोक्यानं भरून काढला असता. तिनं खरोखर ऐकली होती ती फक्त माझी शिंक.

तिनं लॅपटॉपवर काहीतरी केलं. "अर्ध्या वेगानं लावते," म्हणाली, "आवाज खाली उतरतो." जंगल जड झालं. किडे म्हाताऱ्यासारखे घरघरायला लागले, आणि त्यांच्यातून ती शिट्टी खाली आली, लांबलचक, बासरीच्या खालच्या सुरासारखी. शेवटी मोडली. हिनं तोंडावर हात दाबला.

"तोच आहे," ती म्हणाली. "अहो, हा तोच आहे."

मग दोघंही एकाच गोष्टीची वाट बघू लागलो. शिट्टी मोडल्यानंतर माझे ते दोन हुंकार येतात की काय. अर्ध्या वेगात वेळही दुप्पट लागतो, आणि मी आयुष्यात स्वतःच्या शिंकेला इतका घाबरलो नव्हतो. शिंक आली नाही. पुढची शिट्टी आली, तिच्यानंतरही आली नाही. हा फोनमधला नव्हता. उतरणीवर बसलेला जिवंत पक्षी होता. बायको ढसाढसा रडायला लागली, आणि ती आनंदानं रडतेय की कशानं, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. मलाही रडू येत होतं.

सोमवारी आमच्याच रस्त्यावरच्या कानाच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालत गेली आणि तिथून खाली कोसळली. वरचे सूर गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, मोठ्या आवाजात काम करता का? कारखाना वगैरे? ही म्हणाली, नाही, पक्षी ऐकते. डॉक्टरांना वाटलं तिला प्रश्न नीट ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी तो मोठ्यानं परत विचारला.

सूर कधी गेले ते कोण सांगणार? तिच्या 'नाही'पैकी कितीक 'नाही' खरे होते आणि कितीक तिच्या कानांचे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. एकटा बुजराच नव्हे, बारीक आवाजाचे आणखी कितीतरी पक्षी तिनं जंगलातून वजा केले असतील. कोणत्याही बऱ्या ठिकाणी अशा माणसाचे कान दरवर्षी तपासले असते, शेजारी दुसरं माणूस बसवलं असतं. इथे सगळ्या डोंगररांगेचा कारभार दोन कानांवर चाललेला, आणि ते कान ठीक आहेत ना हे विचारावंसं वर्षानुवर्षं कुणाला वाटलं नाही. घरी डोळे तपासणारा नवरा असून वाटलं नाही.

हिनं सगळं जाऊन सांगितलं तेव्हा साहेब आनंदानं उठून उभेच राहिले. म्हणाले, "ताई, पक्षी सापडला एवढंच सांगा. कानांचं कशाला काढायचं?" याही वेळी माझं आणि साहेबांचं एकमत झालं. मी तिला रात्रभर तेच सांगत होतो. तिचं नाव तिच्या कानांवर उभं होतं. ते मोडलं की काय उरलं?

सुनावणीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, त्यांचा चष्मा माझ्याकडचा नव्हता आणि तो त्यांच्या नाकावरून सारखा घसरत होता. हिनं शिट्टी आधी पूर्ण वेगानं ऐकवली, मग अर्ध्या. खाणवाल्यांचा सल्लागार उठला. गोडबोल्या माणूस. "ताईंबद्दल मला आदरच आहे," म्हणाला. "पण याच उतरणीवरच्या चिपा ताईंनी याआधी वर्षानुवर्षं ऐकल्यात आणि 'नाही' लिहिलंय. काल नाही, आज आहे. मधे काय झालं, एवढंच समितीला सांगावं."

साहेबांनी मान खाली घातली. मी मनात म्हणत होतो, सांग काहीतरी, यंत्र बिघडलं होतं सांग.

"मधे माझे कान गेल्याचं मला कळलं," ही म्हणाली. अगदी मोठ्यानं म्हणाली. "वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. किती वर्षांपासून ते माहीत नाही. मी 'नाही' लिहिलं ते पक्षी नव्हता म्हणून नव्हे. मला ऐकू आलं नाही म्हणून. हे माझ्या मिस्टरांना ऐकू आलं."

सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? नमस्कार केला.

सल्लागाराचा चेहरा खुलला. म्हणजे बाईंच्या शब्दाला आता किंमतच नाही, आणि चष्मेवाल्यांच्या शब्दाला तर नाहीच नाही, असं तो फार नम्रपणे म्हणाला. अध्यक्ष बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मान्य," त्या म्हणाल्या. "यांचं 'आहे' धरता येत नाही. पण मग यांचं 'नाही'सुद्धा धरता येत नाही. आणि तुमचं दोन दिवसांचं तर मी आधीच बाजूला ठेवलंय. म्हणजे आजघडीला त्या उतरणीबद्दल कुणालाच काही माहीत नाही. संस्थेनं चांगल्या कानांचा माणूस नेमावा, त्यानं सगळं पहिल्यापासून ऐकावं. तोवर तिथला एक दगडही हलवायचा नाही."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच हसायला लागलो. संस्थेत माणूस नेमायचा! ज्या संस्थेत लिफ्टला तिसऱ्या मजल्यावर यायची परवानगी मिळत नाही, तिथे! हिच्या जोडीला माणूस मागून मागून हिचे केस पिकले. आता हिनं खोली सोडली, खुर्ची रिकामी, आणि नेमणुकीचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. जन्मात पहिल्यांदा मी सरकारी दिरंगाईला हात जोडले.

पण बायको ऐकेल तर शपथ. ती दर आठवड्याला साहेबांकडे जाऊन बसते. जाहिरात काढा, परीक्षा घ्या, उमेदवारांचे कान आधी तपासा. माझा संताप होतो. "अगं, ती खुर्ची रिकामी आहे तोवर टेकडी आहे! कशाला भरायला निघालीस?"

"आणि टेकडीवर काय आहे ते कुणी ऐकायचंच नाही?" ती म्हणते. "कुणाला काही माहीत नाही म्हणून वाचलेली टेकडी किती दिवस टिकेल? उद्या दुसरी समिती येईल."

आम्ही दोघं चिडून आपापला चहा पितो.

परवा तिनं मला उतरणीवर नेलं. पिशव्या मीच उचलल्या. खाणवाल्यांनी मारलेल्या चुन्याच्या खुणा दगडांवर अजून आहेत. त्यांच्या जरा वर झुडपांपाशी आम्ही चटई टाकून बसलो. फोन नाही, स्पीकर नाही, अर्धा वेग नाही. किड्यांनी डोकं उठवलं होतं. बराच वेळ गेला. मग ती सुतासारखी शिट्टी आली, इतक्या जवळून की मी दचकलो.

मी हात वर केला.

ती झुडपाकडे बघत नव्हती. झुडपाकडे बघून तिला काही मिळणार नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी टक लावून, लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं बघितलं नसेल. शिट्टी मोडली, मी हात खाली घेतला. परत आली, परत वर. माझा खांदा भरून आला, पण मी हात चुकू दिला नाही.

खूप वेळानं तिनं विचारलं, "गेला का?"

"नाही," मी म्हणालो. "बोलतोय अजून."